डोंगराचा लग्नासाठी काढलेला फोटो

फार वर्षांपूर्वी, कॅमेरे बोलत असत तेव्हा, एक डोंगर फोटो स्टुडिओत आला. चालत आला की टेम्पोतून, हे मला आता नक्की सांगता येत नाही. नदीपलीकडच्या टेकडीने त्याचा फोटो मागवला होता. आधीची स्थळं फोटोवरूनच फिसकटली होती, त्यामुळे बिचारा घाबरलेला होता.

“बसा, डोंगरराव,” कॅमेरा म्हणाला. “माझ्यात मुंगीच्या मिशासुद्धा दिसतात. लेन्स तेवढी तुम्ही निवडा.”

“मलाच घ्या,” वाइड लेन्स म्हणाली. “अख्खे मावाल.”

“ती देखावे काढते हो!” पोर्ट्रेट लेन्स फणकारली. “मी चेहरा काढते. चेहरा स्पष्ट, मागचं सगळं धूसर.”

“मी देखावा नाही, नवरदेव आहे,” असं म्हणून डोंगराने पोर्ट्रेट लेन्स निवडली.

नेमका तेव्हा त्याच्या नाकावर एक बोकड चरत होता. लेन्सला चेहरा म्हणावा असा त्या बोकडाचाच सापडला.

टेकडीचं उत्तर लगेच आलं, “मुलगा पसंत आहे. दाढी शोभते. कधी येताय?”

डोंगर आपल्या जागी परत जाऊन बसला. बोकड मात्र नदी ओलांडून गेला.

हे खरंच घडलं की माझ्या मनाचे खेळ, ही शंका मला छळत राहिली. पुष्कळ वर्षांनी मी पलीकडे जाऊन टेकडीलाच विचारलं.

“झालं ना लग्न,” ती म्हणाली. “स्वभावाने बरे आहेत. पण त्या फोटोत यांच्यामागे धूसर, हिरवं असं कुणीतरी होतं. मी अजून त्यांच्याकडेच बघत बसते.”