मोज्यातला पाय

नदीकाठच्या एका गावात एलिया साळवे नावाचा एक बागाईतदार राहत असे. तो तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच होता. प्रार्थनामंदिराचे पत्रे त्याने दिले, बाके त्याने दिली. आजाऱ्याच्या घरी दूध त्याच्याच गोठ्यातून जाई. मात्र कोणाकडून काही घेणे त्याला कमीपणाचे वाटे.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब मंदिरात बारा जणांचे पाय धूत. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले होते, म्हणून. त्या वर्षीही बारा जण बाकावर बसले. बहुतेक सगळे घरूनच साबणाने पाय घासून आलेले. धुऊन घ्यायला धुतलेले पाय आणायचे, याला काय म्हणावे? एकटा विहिरी खणणारा शांतवन कामावरून तसाच आला होता. त्याच्या पायांच्या मुरमाने घंगाळातले पाणी तांबडे झाले. बाकीचे हसले.

शेवटी एलियाची पाळी आली. त्याने उजवा पाय पुढे केला. डावा मोज्यातच ठेवला.

"दुसरा, पंच?" पाळकसाहेबांनी विचारले.

"एक पुरे. देवाला सगळं कळतं."

"देवाला कळतं हो. धुवायचाय मला."

"राहू द्या म्हटलं ना."

त्या पायात आठ दिवसांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता. टाच सुजून टम्म झाली होती. शेजारी बसलेल्या शांतवनला वास आला. बाहेर पडल्यावर त्याने एलियाला बाजूला घेतले.

"दादा, पायात पू झालाय. आमच्या कामात रोजचं आहे हे. मी काढतो काटा. नाहीतर चला, दवाखान्यात नेतो."

"तू माझ्या पायाला हात लावणार? आधी स्वतःचे नीट घास."

एलिया घरी गेला. दार लावून गुडघ्यांवर बसला. "प्रभू, मी तुझ्या मंदिरावर पत्रे घातले. आता माझा पाय बरा कर." तासाभरापूर्वी काटा काढायला पुढे आलेला माणूस कोणी पाठवला होता, हे त्याच्या डोक्यातही आले नाही. डोके रिकामे असते तर आले असते. ते ताठ्याने भरले होते.

रविवारी ताप चढला. मंगळवारी तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. काटा निघाला तो गव्हाच्या दाण्याएवढा.

शांतवन भेटायला आला. एलियाने भिंतीकडे तोंड फिरवले. मग तो तसाच, भिंतीकडे बघत म्हणाला, "शांतवन, पाणी दे."

एवढे तीन शब्द तोंडातून निघायला एक पाय जावा लागला.

तात्पर्य: देव आशीर्वाद पाठवतो तो माणसाच्या हातून. तो हात मळका म्हणून जो झिडकारतो, तो देवालाच परत पाठवतो.