मुनियाने बाटली उबवली

एक होती मुनिया. केवढी? लिंबाएवढी.
चौकात होता एक नळ. गळायचा ठिप ठिप. रोज सकाळी मुनिया यायची, चोच वर करायची, थेंब प्यायची.
आज थेंब आला पिवळा. त्याला वास आला. मुनियाने थू केलं. गेला तिचा थेंब.

तिने नळाला गोड पाणी मागितलं. नळ म्हणाला, "टाकी गाळ सोडेल, तर मी देईन."

मुनिया उडाली, भिरभिर भिरभिर.
"टाकीमावशी, टाकीमावशी,
नळ गोड पाणी देईना,
माझी तहान भागेना."
टाकी म्हणाली, "काका मला धुईल, तर मी सोडेन."

हणमंतकाका गावाला पाणी सोडायचे. मुनिया उडाली, भिरभिर भिरभिर.
"हणमंतकाका, हणमंतकाका,
टाकी गाळ सोडेना,
नळ गोड पाणी देईना,
माझी तहान भागेना."
काकांनी टाकीवरची पाटी दाखवली. 'टाकी धुतली.' धुतलेली टाकी परत कोण धुतं?
"शब्बीर पाटी पुसेल, तर मी धुईन."

शब्बीरचाचा होते पेंटर. मुनिया उडाली, भिरभिर भिरभिर.
"शब्बीरचाचा, शब्बीरचाचा,
काका टाकी धुईना,
टाकी गाळ सोडेना,
नळ गोड पाणी देईना,
माझी तहान भागेना."
चाचांनी डोकं खाजवलं. काका म्हणाले होते, उद्या धुतो. डब्यात रंग उरला होता. चाचांनी आदल्या दिवशीच पाटी लिहून टाकली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती वाचली आणि ते घरी गेले.
"ताई पाणी वाईट म्हणेल, तर मी पुसेन."

द्वारकाताई पाणी तपासायच्या. मुनिया उडाली, भिरभिर भिरभिर.
"द्वारकाताई, द्वारकाताई,
चाचा पाटी पुसेना,
काका टाकी धुईना,
टाकी गाळ सोडेना,
नळ गोड पाणी देईना,
माझी तहान भागेना."
ताईंनी सकाळीच त्या नळाचं पाणी तपासणीच्या एका बाटलीत भरलं होतं. पाणी वाईट असलं, की बाटली काळी होते.
"बाटली काळी होईल, तर मी बोलेन. उगाच कशी बोलू?"

मुनिया बाटलीजवळ गेली, टुण टुण.
"बाटलीबाई, बाटलीबाई,
ताई काही बोलेना,
चाचा पाटी पुसेना,
काका टाकी धुईना,
टाकी गाळ सोडेना,
नळ गोड पाणी देईना,
माझी तहान भागेना."
बाटली म्हणाली, "मला थंडी वाजते गं. ऊब मिळेल, तर मी काळी होईन."

आता कोणाकडे जायचं? कोणाकडेच नाही.
मुनियाने अंडी उबवली होती. ती बाटलीवर बसली, पंख पसरून. दुपार झाली. रात्र झाली. घसा कोरडा पडला. ताई म्हणाल्या, जा, गवतावरचं दव तरी चोख. मुनिया हलली नाही.

सकाळ झाली.
बाटली झाली काळी कुळकुळीत.
ताई बोलल्या, "पाणी वाईट आहे."
चाचांनी पाटी पुसली, फसफस.
काकांनी टाकी धुतली, खराखरा.
टाकीने गाळ सोडला, भळाभळा.
टाकीत नवं पाणी आलं. काकांनी त्यात औषध टाकलं.
चाचा ब्रश घेऊन शिडी चढू लागले. काका म्हणाले, "थांब रे बाबा. आधी हिला पिऊ दे, मग लिही."

सगळे नळापाशी थांबले.
ठिप.
मुनिया प्याली. ठिप. आणखी प्याली.
मग चाचांनी लिहिलं.

मुनिया उडाली भुर्रकन,
गोष्ट संपली टुण्णकन.