वाकलेल्या मासोळ्या

फार जुनी गोष्ट आहे, तळ्याकाठच्या एका गावातली. तिथे एक कारागीर राहायचा. झाडाचा चीक आणि मेण कढवून तो साच्यात ओतायचा आणि गळाला लावायच्या मऊ, खोट्या मासोळ्या करायचा. पाण्यात त्या अशा वळवळायच्या की खरे मासेही फसायचे.

साच्यातून निघालेली मासोळी तो सावलीतल्या फळीवर सरळ निजवून ठेवी. चांगली घट्ट झाली की मगच पानाच्या पुडीत बांधी. कच्ची बांधली तर ती पुडीत वाकते, आणि एकदा वाकली की तशीच राहते. हे त्याला बापाने शिकवले होते आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचा.

हंगामाच्या पहिल्या सकाळी गावातला सर्वांत म्हातारा कोळी आपली पुडी न्यायला आला. कारागीर नेमका त्याचाच माल करायला विसरला होता. तसे कबूल करणे त्याच्या जिवावर आले. म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून त्याने आत घाईघाईने मासोळ्या ओतल्या आणि कोमट असतानाच बांधून दिल्या.

संध्याकाळी सगळ्यांच्या टोपल्या भरून आल्या, म्हाताऱ्याची मात्र रिकामी. मासोळी पाण्यात नुसत्या गिरक्या घेत होती, काही बिघडलं होतं का, असे त्याने कारागिराला चावडीपुढे साधेपणाने विचारले.

कारागिराला ती कोमट पुडी आठवली. पण चार माणसे बघत होती.

"आजोबा, माझ्या मालाला नावं ठेवू नका," तो म्हणाला. "तुमचा हात थरथरतो आता."

लोक हसले. म्हातारा स्वतःच्या हाताकडे बघत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपली होडी पुतण्याला देऊन टाकली आणि उरलेल्या मासोळ्या कारागिराकडे परत पाठवल्या, कुणाच्या तरी कामी येतील म्हणून.

कारागिराने पुडी सोडली. एकूण एक मासोळी विळ्यासारखी वाकली होती. नाचता येईना अंगण वाकडे, असे तो इतरांना हिणवायचा. आज ती म्हण त्याच्याच दारात येऊन बसली होती. तो शरमेने मेल्याहून मेल्यासारखा झाला. बायकोने जेवायला हाक मारली, तर तिच्यापुढे मान वर करवेना.

त्याने त्या मासोळ्या वितळवल्या, पुन्हा ओतल्या आणि या वेळी पुरत्या घट्ट होऊ दिल्या. मग चावडीपुढे सगळे जमले असताना तो म्हाताऱ्याच्या पाया पडला.

"मासोळ्या कच्च्या होत्या, आजोबा. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तुमचा हात धड होता."

म्हाताऱ्याने पुडी घ्यायला हात पुढे केला. तो हात थरथरत होता.

"तेव्हा होता धड," म्हातारा म्हणाला. "तू बोललास त्या दिवसापासून थरथरतो बघ."

आणि पुडी त्याच्या बोटांतून खाली पडली.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये, वाकलेली वस्तू पुन्हा घडवता येते, खचलेला माणूस नाही.