शंखजिरे लावलेला पाट

ही कथा तीन रूपांत ऐकू येते. एका रूपात उतावळा राजा आणि त्याचे सिंहासन आहे, दुसऱ्यात नावाडी आणि त्याची होडी. तिसऱ्या रूपात वैद्य येतो. कथेतली चूक वैद्यालाच सुचावी अशी असल्याने हे तिसरे रूप मूळचे असावे, असे मला वाटते. तेच येथे सांगतो.

फार पूर्वी एका गावी एक वैद्य राहत असे. रोग्यांना तो पथ्य आणि धीर शिकवी, आणि फावल्या वेळी हौसेने लाकूडकाम करी. त्याच्या मुलीला एक स्थळ सांगून आले. मुलीच्या मनात ते भरले होते. मुलाचे वडील आठव्या दिवशी जेवायला येऊन आपला निर्णय सांगणार होते. पाहुण्यांना बसायला पाट आपल्याच हातचा हवा, असे वैद्याने ठरवले.

फणसाची फळी रंधा मारून, घासून त्याने पाट केला. गावच्या वृद्ध सुताराने सांगितले की जवसाचे तेल अगदी पातळ लावावे, न जिरलेले फडक्याने पुसून घ्यावे आणि मग पंधरा दिवस पाटाला हात लावू नये. पाहुणे आठव्याच दिवशी येणार हे कळल्यावर तो म्हणाला, "मग कोराच मांडा, बुवा. कोऱ्या पाटाला कोणी नावं ठेवत नाही."

वैद्याला ते रुचले नाही. त्याने तेल लावले, पण रंग उतरेल म्हणून पुसले नाही. दुसऱ्या दिवशी पाट चिकट लागला. मात्रा लागू पडली नाही तर वाढवावी, या सवयीने त्याने आणखी तेल चढवले.

तेव्हापासून तो एका जागी बसेना. काढा उकळत ठेवून उठे, पाटाला बोट लावी, परत येई, पुन्हा उठे. बोटांच्या ठशांनी पाट भरून गेला. हात पुढे करून ताटकळलेल्या एका म्हातारीने शेवटी विचारले, "बुवा, नाडी माझी बघताय की पाटाची?"

आठव्या दिवशी सकाळीही बोट चिकटले. वैद्याने औषधांच्या फडताळातून शंखजिऱ्याची पूड काढली आणि घामोळ्यांवर लावावी तशी पाटावर चोळली. पाट कोरडा, मऊ लागू लागला. घरातला दुसरा कोरा पाट मांडू या, असे मुलगी सुचवू लागली, तर त्याने तिला स्वयंपाकघरात पाठवले.

पाहुणे रेशमी सोवळे नेसून पाटावर बसले. जेवण सावकाश, आग्रहाने झाले. ते उठू लागले तेव्हा पाटही त्यांच्याबरोबर वीतभर उठला आणि धाडकन खाली आदळला. रेशमाचा एक तुकडा त्यावरच राहिला.

पाहुण्यांनी मागे हात लावून पाहिला. "वैद्यबुवा, पाहुण्याला धरून ठेवायची तुमची रीत भारी आहे," ते म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी विचारले, "पाट ओला आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

उत्तर दारातून आले.

"ठाऊक होतं," मुलगी म्हणाली. "वर पूड लावली आहे."

पाहुणे तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण मुहूर्त आज काढायचा नाही. माझा मुलगा बोहल्यावर याच पाटावर बसेल. तो वाळला की निरोप धाडा."

वैद्याने पाट तासून पुन्हा कोरा केला. पातळ तेल लावले, पुसले, आणि पाट माळ्यावर ठेवून माळ्याची शिडी सुताराच्या घरी नेऊन दिली. तेल लावणे माणसाच्या हाती असते. वाळायला लागणारा वेळ मात्र लाकडाला द्यावाच लागतो.

सोळाव्या दिवशी सुतार शिडी घेऊन आला. मुलीने पाटावर पांढरा पंचा दाबून धरला आणि उचलून पाहिला. पंचा पांढराच होता.