उन्हातली पापलेटं

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या वैशाखातली ही गोष्ट. बोधगीर महाराज तेव्हा काळेवेळच्या किनाऱ्यावर उंडीच्या झाडाखाली मुक्कामाला होते. कोळीवाड्यातली चांगुणाबाय त्यांना रोज भाकरी नेऊन देई.

गावची सगळी मासळी मोरूशेठ उचली. बर्फ त्याचा, ट्रक त्याचा, म्हणून भावही त्याचाच. एकदा चांगुणा तालुक्याला गेली, तर शेठने सकाळी चार आण्यांना नेलेलं पापलेट तिथे दीड रुपयाला विकलं जात होतं. तिच्या जिवाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी तिने टोपलीवर हात ठेवला. "शेठ, बाजारभावाच्या अर्धं दे, न्हायतर हात लावू नको."

"ठेव जवळ," शेठ म्हणाला. "दुपारी मांजरसुद्धा हुंगणार नाही. नाहीतर तुझ्या गोसाव्याला सांग बर्फ पाडायला."

सगळे हसले.

"कुजली तर वाळूत पुरीन, पन तुला देनार न्हाय."

बोलून गेली खरी, पण त्या टोपलीवरच घरची चूल पेटायची होती. ती महाराजांकडे आली. वाटलं, आता सबुरीने घ्यायला सांगतील.

महाराज म्हणाले, "बाय, दर्या काय मोरूच्या बापाचा आहे? उचल टोपली. बाजारात जाऊन बस." आणि त्यांनी आपली छाटी समुद्रात भिजवून टोपलीवर पसरली.

तापल्या रस्त्याने ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. छाटी केव्हाच वाळली होती. पहिल्याच गिऱ्हाइकाने पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला. लालभडक! महाराजांची लीला, दुसरं काय? शेजारी शेठच्या बर्फातल्या मासळीचे डोळे खोल गेले होते. ती मासळी कोणी विचारेना.

"रुपयाला एक," चांगुणाने पुकारलं. "तुमाला स्वस्त, मला भरपूर."

शेठ तणतणत आला. "माझा बर्फ चोरलास ना?"

"हात घालून बघ."

त्याने तळापर्यंत हात घातला. बर्फाचा खडाही नव्हता. मासळी मात्र खोल दर्यातल्या पाण्यासारखी गार.

पहाटे त्याने महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "पाया पडून काय होणार? बाजारात काय भाव गेला ते आधी किनाऱ्यावर ओरडून सांगायचं, मगच मासळीला हात लावायचा."

शेठने मान हलवली आणि तो चांगुणाबायपुढेही वाकला.

"वाक," ती म्हणाली, "पन आदी भाव सांग."

मोरूशेठने तो नेम मरेपर्यंत पाळला. चांगुणाबायने बाजारात स्वतःचा ओटा घेतला. आता तिथे तिची सून बसते. महाराजांनी त्याच उंडीखाली देह ठेवला. पुण्यतिथीला तिथे अजून आधी भाव पुकारतात, मग आरती होते. नवे ट्रकवाले कुरकुरतात, पण उभं राहून ऐकतात.