नेरवणचा रिकामा पाषाण

बॅग त्या पाषाणावर ठेवू नका, साहेब. इकडे खांबाशी ठेवा. रागावलो नाही मी, तुम्हाला आधी सांगणार तरी कोण? भूमकादेवीच्या या मंडपात बारा पाषाण मांडलेले आहेत, पिढ्यान्पिढ्या बसून गुळगुळीत झालेले. अकरांवर आमचे मानकरी बसतात. बाराव्यावर कुणी बसत नाही. त्यावर पाण्याचा तांब्या असतो आणि तो रोज सकाळी समोरच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याने भरतात. तांब्या रिकामा राहिला असं माझ्या आठवणीत झालेलं नाही.

तुम्ही खाणकंपनीची मंडळी उद्याच्या जनसुनावणीच्या तयारीला आलात. या तांबळ डोंगरातलं लोखंड काढायचं, त्याला गावाचं म्हणणं काय, ते याच मंडपात विचारणार आहात. चांगलं आहे, विचारा. मी जयवंत घाडी. गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराण्याकडे आहे. म्हणजे गावाचं म्हणणं देवीला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तेवढं म्हटलं नाही तर गाऱ्हाणं लागू होत नाही. चहा येईपर्यंत या पाषाणाची गोष्ट ऐका. खुर्च्या कुठे मांडायच्या ते नंतर ठरवू.

फार मागे, असे सांगतात, या मुलखावर एका देसायाचा अंमल होता. कुठल्या देसायाचा ते विचारू नका, त्यांची माणसं अजून आमच्या जत्रेला येतात आणि नीट वागतात. त्या देसायाला तोफा ओतायच्या होत्या आणि तोफांना लोखंड हवं होतं. त्याचा कारभारी होता माणकोजी. डोक्याने तल्लख आणि काळजाने कोरडा. त्याने तांबळची लाल माती मुठीत दाबून बघितली आणि खाली येऊन गावाला सांगितलं, डोंगर द्या.

गाव नाही म्हणालं. कारण तुमच्यासमोरच वाहतंय. हा व्हाळ तांबळच्या पोटातून निघतो. शेती त्याच्यावर, माडा-पोफळीच्या बागा त्याच्यावर, प्यायचं पाणी त्याचंच. डोंगराचं पोट फाडलं की व्हाळ एक तर आटणार, नाहीतर लाल चिखल होऊन भातात बसणार. हे कळायला शिकावं लागत नाही. पलीकडच्या तालुक्यात आत्ताच्या काळात काय झालं ते तुम्ही येताना गाडीतून बघितलंच असेल.

मग माणकोजीने सरळ माणसं घालून डोंगर का खणला नाही? त्याला खणता येत नव्हता. लोखंड काढणारे असत ते धावड लोक, आणि धावड देवभोळे. गावाने देवीपुढचा नारळ दिल्याशिवाय ते परक्या डोंगरात पहार घालत नसत, मग मानेवर तलवार ठेवा. आणि नारळाचा आमचा नेम असा: बाराही मानकऱ्यांनी एका नारळाला हात लावायचा. एक हात कमी, तर नारळ लागू नाही. मानकरी परगावी असला तर त्याच्या घरच्यांनी त्याचं पागोटं आणून त्याच्या पाषाणावर ठेवायचं. पागोटं म्हणजे त्याचा हातच धरतात.

माणकोजीने हे सगळं विचारून घेतलं आणि मारहाण वगैरे काही केली नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढं त्याला माहीत होतं. त्याने वरचा घाट बंद केला आणि खाली खाडीवरची तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, बंद केली. गावातून कुणी बाहेर नाही, बाहेरून कुणी आत नाही. बाराव्या पाषाणाचा मानकरी धाकू राऊळ सुपारी घेऊन घाटावर गेला होता, तो परत येताना चौकीवर सापडला. त्याला देसायाच्या गढीत कोंडून ठेवलं.

आधी गावात हसण्यावारी गेलं, म्हणे. भात आहे, पाणी आहे, कोण काय करणार? मग मीठ संपलं. तुम्ही कधी मिठाशिवाय पेज खाल्लीत? एकदा गंमत म्हणून खाऊन बघा आणि मग रोज तीच खायची असं मनाशी धरा. सुकी मासळी संपली. कपडा विरला. ठरलेली लग्नं अडली, माहेरी गेलेल्या बाळंतिणी तिकडेच अडकल्या. पोरं आजारी पडली, तर औषध जाणणारा वैद्य घाटापलीकडे. गावाच्या चारी बाजूंनी रान मोकळं होतं आणि माणसाला जायला वाट नव्हती.

अकरा मानकरी एकेक करून वाकले. त्यांना नावं ठेवू नका. आपलं पोट भरलेलं असलं की उपाशी माणसाला धीराच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. त्यांचा म्होरक्या बुधाजी गावकर. त्याचा नातू तापाने गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला, अकरा हात तयार आहेत. माणकोजीचा उलटा निरोप आला: राऊळाच्या घरातून पागोटं आणा. पागोटं पाषाणावर आलं की वाट सुटली आणि धाकूही सुटला.

पागोटं होतं धाकूच्या बायकोकडे, आवडाईकडे. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, मूलबाळ नव्हतं. सगळं गाव तिच्या दाराशी आलं. बुधाजीची बायको पुढे झाली. नातवाच्या दुःखाने बाई अर्धी झालेली.

"अगो, दी ता पागोटा," ती म्हणाली. "घोव सुटतलो तुझो. आणखी काय होया तुका?"

"आणि व्हाळ?" आवडाईने विचारलं.

तरी दाराशी आलेलं कुणी उठून गेलं नाही.

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात तसं झालं तिचं. पागोटं दिलं तर डोंगर गेला. लपवलं किंवा जाळलं, तर माणकोजी धाकूलाच दोरीने बांधून आणणार होता, तसं त्याने कळवलंच होतं. गळ्याशी सुरी आली की कुणाचाही हात नारळापर्यंत जातो. आणि धाकूच्या मनात काय आहे, ते विचारायची सोय नव्हती. तो 'दे' म्हणाला असता की 'नको', हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. मला विचाराल तर त्या बाईवर याहून मोठा जुलूम झालाच नाही.

ठरलेल्या दिवशी भर दुपारी सगळं गाव या मंडपात जमलं. व्हाळाच्या पलीकडे माणकोजी उभा, त्याच्यामागे पहारी घेतलेले धावड, आणि दोरीत धाकू. पागोटं नाही आलं तर माणूस आहे, अशी तयारी. अकराजण पाषाणांवर बसले. मधे नारळ ठेवला. आवडाई व्हाळात अंघोळ करून ओलेत्याने आली, हातात पागोटं होतं. गावाने सुटकेचा श्वास सोडला, म्हणे.

तिने पागोटं पाषाणावर ठेवलं नाही. ती स्वतः पाषाणावर बसली.

आता यातलं तुम्हाला समजणार नाही, म्हणून सांगतो. मानकऱ्याच्या बायकोला त्या पाषाणावर बसायचा अधिकार आयुष्यात एकदाच असतो. नवरा गेला आणि त्याचं दिवसकार्य झालं की ती तिथे बसते आणि मान पुढे कुणाला द्यायचा ते देवीसमोर सांगते. मुलगा असला तर मुलाला, नसला तर भाऊबंदाला. एरवी कुठलीही बाई त्या दगडाला पदरसुद्धा लागू देत नसे. आवडाई बसली आणि तिने दोन्ही हातांच्या बांगड्या पाषाणाच्या कडेवर फोडल्या. समोर व्हाळापलीकडे नवरा उभा, धडधाकट, तिच्याकडे बघणारा.

मग तिने गाऱ्हाणं घातलं. आमच्या घराण्यातल्या कुणी नाही, तिनेच घातलं.

"गे माये भूमके, माझो घोव धाकू राऊळ माका आज मेलो. माका झिल नाय. भावबंदांक मी मान देवचंय नाय. तेच्या हातातलो मान मी तुझ्या पायाशी परत करतंय. ह्या डोंगराक कोणाक हात लावचो आसात, तर तेणा पयलो तुझो हात मागूचो."

'व्हय म्हाराजा' म्हणायचं म्हणजे जिवंत माणसाला मेला म्हणायचं, आणि मिठाची वाटही आपल्याच हाताने बंद करायची. अकराजण माना खाली घालून बसले. आवडाई बसून राहिली, हातातून रक्त ओघळत होतं. शेवटी मागून बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. तो बुधाजीच्या बायकोचा होता. जिचा नातू गेला होता, तिचा.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. मग सगळ्या बायका म्हणाल्या. पुरुष सगळ्यांत शेवटी, आमच्याकडे नेहमी होतं तसं.

पलीकडे धावडांनी ते ऐकलं आणि पहारी खांद्यावर टाकून ते सरळ चालू लागले. देवीच्या हातातला मान मागायला कोण धजणार? माणकोजीच्या हाती उरली दोरी आणि कवडीच्या उपयोगाचा नसलेला एक हात. धाकूला मारून त्याला काही मिळणार नव्हतं. त्याने दोरी तोडली. घाट आणि होडीची वाट पुढे काही काळाने उघडली, कारण त्याला दुसऱ्या गावाचा डोंगर मिळाला. त्या गावाची गोष्ट कुणी सांगत नाही. सांगायला तिथे कुणी राहिलं नाही.

धाकू सुटला आणि व्हाळाच्या काठाशी आला. अलीकडे सगळं गाव उभं. कुणी त्याला 'ये' म्हणालं नाही. तो आत आला, तर तो जिवंत. तो जिवंत, तर मान त्याचा. आणि मान त्याचा झाला की उद्या पुन्हा कुणीतरी दोरी घेऊन येणार. हे त्याला तिथल्या तिथे कळलं असावं. तो पलीकडेच बसला. तिथेच त्याने पुढे झोपडी बांधली. गावाला त्याला परत घ्यायचं होतं, फार होतं. पण मेलेल्याला गावात घेणं ही सामाईक गोष्ट, तिच्या निर्णयाला बारा हात लागतात. आणि बारावा हात देवीचा झाला होता.

व्हाळाच्या मधोमध तो सपाट कातळ दिसतो ना, त्यावर आवडाई रोज दुपारी केळीच्या पानावर जेवण ठेवून जायची, गेलेल्या माणसाला ठेवतात तसं. ती वळली की धाकू येऊन जेवायचा. बोलायचे नाहीत. मेलेल्याशी कुणी बोलत नाही. त्या पानावर मीठ मात्र कधी कमी वाढलेलं नसायचं, असे सांगतात. अशी त्यांची सगळी उमर गेली.

आधी आवडाई गेली. तिला विधवेसारखं पांढरं नेसवलं. तिरडी व्हाळाच्या काठी आणली, तेव्हा पलीकडे धाकू उभा होता, पार म्हातारा झालेला. हातात हिरवं लुगडं आणि हिरव्या बांगड्या. कुठून आणल्या होत्या देव जाणे. तेव्हा बुधाजीची बायको जख्ख म्हातारी होऊन अजून जिवंत होती. तिने हाक मारली.

"ये रे बाबा. आता कोण काय म्हणता? येऊन आग दी तिका."

धाकूने एक पाय पाण्यात घातला. मग थांबला.

"मी इलंय," तो म्हणाला, "तर ती देवीकडे खोटा बोलली असा होतला. माका मेलोच ऱ्हवांदेत."

आणि त्याने पाय मागे घेतला. तिने एकटीने जे ठरवलं होतं, त्यात त्याचा रुकार होता की नाही, हे गावाला त्या दिवशी कळलं. तिला मात्र कधीच कळलं नाही. मग बायका व्हाळ ओलांडून गेल्या, त्याच्या हातून लुगडं-बांगड्या घेतल्या, आवडाईचं पांढरं फेडलं आणि तिला हिरवं नेसवून सवाष्ण म्हणून नेलं. मंत्र म्हणणाऱ्याने हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण एकीनेही त्याला बोलू दिलं नाही.

तेव्हापासून नेरवणात नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या कुणी फोडत नाही. आजही नाही. सासुरवाशिणी येतात, त्यांच्या माहेरच्यांना नवल वाटतं. आणि आजही तांबळवर कुणी कुदळ मारत नाही, आम्हीसुद्धा नाही. पलीकडे जायला डोंगराच्या कडेने रस्ता हवा आहे, तो होत नाही. आजारी माणसाला डोलीत घालून उतरवतो. नळाची टाकी वर बसवायची तर पाया कोण खणणार? बारावा हात मागायला पुढे कोण होणार? तरुण पोरं चिडतात. माझ्या पुतण्याला तुमच्या लोकांनी ड्रायव्हरची नोकरी कबूल केली आहे, तो माझ्याशी बोलत नाही. आवडाईने आम्हाला वाचवलं आणि आतून कडीही लावून घेतली. त्या कडीला हात लावायची हिंमत आमच्यात नाही, आणि तशी इच्छा होत नाही असंही नाही.

उद्या तुमचे मोठे साहेब विचारतील, गावाचं म्हणणं काय. अकरांतले चौघे-पाचजण हो म्हणतील, मला नावं माहीत आहेत. पण गावाने हो म्हणायचं, तर आधी कुणालातरी या पाषाणावरचा तांब्या उचलावा लागेल, आणि देवीकडे तोंड करून म्हणावं लागेल की आवडाई खोटं बोलली. त्यावर उरलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागेल. तसं म्हणणारं तोंड आजही नेरवणात जन्मलेलं नाही, असं मी समजत आलो. उद्या कळेल. चहा घ्या, निवतोय.