कुंकवावाचून राहिलेलं बटण

हिरव्या अक्षरांचे जाडजूड कॉम्प्युटर होते त्या काळी, एका बँकेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा चालली होती. लीलाताई म्हसकरांनी पडद्याला कुंकू लावलं, कीबोर्डला लावलं, स्टुलालासुद्धा लावलं. पडद्यामागचं उजेडाचं गोल बटण तेवढं राहिलं. ते रुसलं आणि हळूच उलटं फिरून बसलं.

पडदा अंधारला. आधी त्याने विजेला शिव्या घातल्या, मग तो कीबोर्डवर खेकसला, शेवटी रडकुंडीला आला. “संपलं माझं! आता थेट भंगारात!”

“अरे, मागच्या बटणाला विचारलंस का?” कीबोर्ड म्हणाला.

“मागे कुणी असतं?”

“असतं!” मागून फणकारा आला. “रोज तुझं तोंड उजळवणारं!”

पडदा ओशाळला. “चुकलो रे बाबा. तुझ्याशिवाय मी नुसती काच.”

एवढं ऐकताच बटण हरखून गरकन पूर्ण फिरलं. पडदा असा भगभगला की लीलाताईंनी डोळेच मिटले. “अगं बाई!” म्हणत त्यांनी कुंकवाच्याच बोटांनी मागे चाचपून उजेड कमी केला. बटण लालेलाल झालं.

तेव्हापासून पडदा रोज सकाळी आधी मागे हाक मारतो, “बटणराव, उठलात का?”